कुत्र्याचं पोट बिघडलंय हे उलटीच्या आधी ओळखा

उलटी झाली की पोट बिघडल्याचं कुणालाही कळतं. खुणा मात्र बऱ्याचदा त्याआधीच सुरू झालेल्या असतात. समोर खाणं नसताना कुत्रा सारखे ओठ चाटतो, घोट गिळत राहतो, लाळ गाळतो. एका जागी बसवत नाही आणि उभा राहिला तर पाठीची कमान होते. छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवत असेल, तर तो खेळायला बोलावतोय असं लगेच समजू नका. खेळताना कुत्रा क्षणात उडी मारतो. पोट दुखत असलं की त्याच स्थितीत थिजून राहतो. (गवत खाल्लं म्हणून घाबरू नका. धडधाकट कुत्रीही खातात.)

बाहेर पडलं ती खरंच उलटी होती का, हेही पाहा. उलटीत पोट जोरजोरात हिसके देतं. हिसके न बसता, नुसती मान खाली घालून न पचलेलं अन्न पडलं, तर बिघाड बहुधा अन्ननलिकेत असतो. शब्दांत सांगण्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांचं काम सोपं होतं.

थोडी थोडी, वारंवार शी, त्यात आव आणि लाल रक्त असेल, तर त्रास बहुधा मोठ्या आतड्याचा. डांबरासारखी काळी शी मात्र जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव झाल्याची खूण; तिथलं रक्त पचून काळं होतं. लाल रक्ताने लोक हादरतात आणि काळ्या शीकडे दुर्लक्ष करतात, तेच चुकतं.

आता हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका 2 सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. गुदद्वारात थर्मामीटर लावून तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस भरतं; माणसाच्या हिशोबाने तो ताप वाटेल, पण कुत्र्यासाठी ते नेहमीचंच.

उमासे येतायत, बाहेर काहीच पडत नाही आणि पोट फुगत चाललंय, तर घरगुती उपाय करत बसू नका. जठर फुगून पिळलं गेलेलं असू शकतं. मोठ्या, खोल छातीच्या जातींत हा धोका जास्त, आणि काही तासांत जीव जातो. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब एकदम सुरू झाले तर पार्व्होची (कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा, आणि पिल्लाला उपाशी ठेवू नका, त्याची साखर झपाट्याने उतरते. आयबुप्रोफेन किंवा माणसांची कुठलीच वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.