बर्फात ब्रेक मारायचा नसतो, आणि मुंबईकराला तेवढंच येतं

जानेवारीत पारा 16 वर आला की आमच्या सोसायटीत माकडटोप्या बाहेर पडतात. सांताक्रूझचं रेकॉर्डच मुळी 7.4 डिग्रीचं, तेही 1962 सालचं. अशा गावातली मी गेल्या जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मुलुंडहून थेट मनालीला गेले, नवरा होता सोबत पण गाडी जास्त मीच चालवली हे इथे नमूद करून ठेवते.

पहिला घोळ निघायच्या आधीच झाला असता. आमचा गॅरेजवाला इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झालं की सरळ नळाचं पाणी ओततो, "इथे काय फरक पडतो मॅडम", आणि इथे खरंच नाही पडत. पण तिकडे रात्री ते पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि इंजिनलाच तडा जाऊ शकतो. बाबांनी फोनवर आठवण केली म्हणून सगळं काढून नीट कूलंट भरून घेतलं. वायपरच्या बाटलीतलं पाणी मात्र विसरलोच, ते गोठलं, मग पुढच्या ट्रकने चिखल उडवला की उतरा आणि फडक्याने काच पुसा.

मनालीत पहिल्याच सकाळी काचेवर बर्फाचा थर. नवरा मोठ्या उत्साहात बादलीभर गरम पाणी घेऊन आला, तेवढ्यात हॉटेलचा पोरगा धावत आला, "सर, शीशा टूट जाएगा!" थंडगार काचेवर कढत पाणी पडलं की ती तडकते ना. मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडत बसलो. मागची चाकं पण हलेनात, कारण रात्री हँडब्रेक ओढून ठेवलेला आणि तो गोठून चिकटलेला. तिकडे लोक गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात, एवढं साधं.

खरी गंमत पुढेच. अटल टनेल बघायला निघालो होतो, 9 किलोमीटरचा आहे, 2020 मध्ये सुरू झाला, त्याच्यामुळेच आता हिवाळ्यात पण डोंगरापलीकडच्या लाहौल खोऱ्यात जाता येतं. ऊन होतं, रस्ता साफ, बर्फ फक्त कडेला. सावलीतलं एक वळण आलं, तिथे रस्ता नुसता ओला वाटला. तो ओला नव्हता, बर्फाचा पातळ थर होता, खालचं डांबर आरपार दिसतं त्यामुळे कळतच नाही. एलबीएस रोडवर दिवसातून दोनशे वेळा करते तेच मी केलं, ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, कडकडत राहिलं आणि स्टिअरिंग वळवलेलं असूनही गाडी सरळच गेली. स्पीड वीससुद्धा नसेल. कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती हे आईला अजून सांगितलेलं नाही.

मागचा टॅक्सीवाला उतरून आला. "मॅडमजी, ब्रेक को भूल जाओ." सेकंडमध्ये हळू उचलायची, उतारावर गाडी गिअरवरच सोडायची, काहीच झटक्यात करायचं नाही आणि पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहायचं. अहो हे तर बाबा कसारा घाटात सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर! अवघड गेलं ते अंतर ठेवणं, आपल्याकडे दोन गाड्यांत जागा सोडली की तिथे रिक्षा येते. थोडं पुढे एक धिप्पाड फोर बाय फोर पण आडवी झालेली दिसली, बर्फातून निघायला ती भारी असेल, पण थांबायच्या वेळी तिची काय आणि आमची काय, चाकं तीच चार.

दुपारी भुरभुर सुरू झाली तसे आम्ही टनेल न बघताच मागे फिरलो. नवरा कुरकुरला, पण 2022 च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी नावाच्या हिल स्टेशनला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली होती ते माझ्या डोक्यात होतं, इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपायचं आणि बाहेर सायलेन्सर बर्फाने बुजलेला, विषारी वायू आत. नकोच ते.

चाकाला लावायचा दगड अजून डिकीत आहे. वॉचमनने दोनदा विचारलंय, फेकू का म्हणून.