पोट उघडलेला शर्मन

मी ऑर्डरप्रमाणे रणगाड्यांची मॉडेलं बनवून देतो. येणाऱ्या बहुतेकांना तोफ हवी असते. नळी जरा उचललेली, टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, किंचित वळलेलं, कमांडर कमरेपर्यंत बाहेर आणि डोळ्याला दुर्बीण. मागची बाजू भिंतीकडे जाणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेले एक काका आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "पुढून कसाही दिसू दे, मला तो मागून पाहायचाय," तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

त्यांनी आणलेला फोटो पोस्टकार्डाहून लहान होता. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मेकतिला, मार्च ४५'. मेकतिला हे ब्रह्मदेशातलं गाव. फोटोत एक शर्मन रणगाडा होता, मागची झाकणं काढलेला. शेजारी लाकडी ओंडक्यांवर त्याचं इंजिन उतरवून ठेवलेलं. उचलायची साखळी अजून सोडलेली नव्हती, आणि तिचं वरचं टोक फोटोच्या चौकटीबाहेर गेलेलं. तीन माणसं होती. त्यांतला बनियनवाला डेकवर, म्हणजे इंजिनावरच्या सपाट भागावर, पालथा पडून उजवा हात खांद्यापर्यंत रणगाड्याच्या पोटात घालून होता, आणि त्याचा चेहरा नेमका कॅमेऱ्याच्या उलट दिशेला वळलेला. ते काकांचे वडील. दंडावरच्या भाजल्याच्या डागावरून घरच्यांनी ओळखले होते.

वडील लढाऊ तुकडीतले नव्हते. १९४३ साली उभ्या राहिलेल्या इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनीअर्समध्ये ते मिस्त्री होते. रणगाडे बंद पडले की ते चालू करून द्यायचे, एवढंच त्यांचं युद्ध. फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस १७ वी भारतीय डिव्हिजन आणि २५५ वी भारतीय टँक ब्रिगेड इरावती ओलांडून मेकतिलावर धडकल्या. या ब्रिगेडमधल्या प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांकडे शर्मन होते. मार्चच्या सुरुवातीला गाव हाती आलं, पण लगेच जपानी फौजांनी बाहेरून वेढा घातला. जमिनीवरचा रस्ता तुटला आणि सामान विमानाने येऊ लागलं. हा फोटो त्या दिवसांतला आहे. तेव्हा सुटा भाग मागवला की आठवड्याने येईल अशी सोय नव्हती, हे मला काम करताना सतत आठवत होतं.

काकांच्या पुतण्याने किट, म्हणजे जुळवायच्या प्लॅस्टिकच्या भागांचा संच, आणून दिलं होतं. शर्मनचंच, पण एम४ए३ या उपप्रकाराचं. ते वापरता येणार नव्हतं. शर्मन बाहेरून सगळे सारखे वाटतात, फरक इंजिनात आहे, आणि इंजिनामुळे सांगाडाही बदलतो. फोटोत चाकांच्या जोड्यांमधलं अंतर जास्त दिसत होतं. टरेटच्या मागे डेकवर एक फुगवटाही स्पष्ट होता. म्हणजे हा एम४ए४, ब्रिटिशांच्या भाषेत 'शर्मन V', म्हणजे रोमन आकड्यातला पाच. इतर शर्मनच्या पट्ट्यात एका बाजूला ७९ कड्या असतात, याच्या पट्ट्यात ८३. पुतण्याचा किट घेऊन वरून कितीही सजावट केली असती तरी तो वेगळाच रणगाडा झाला असता. एम४ए४ चं किट मिळेपर्यंत मी कामाला हात लावला नाही.

आणि मग ते इंजिन. रणगाड्यांसाठी तातडीने इंजिन हवं होतं, तेव्हा क्रायसलर या अमेरिकन मोटार कंपनीने आपल्याकडे तयार असलेली मोटारीची सहा सिलिंडरची इंजिनं घेतली, तशी पाच, आणि ती एका मधल्या गिअरभोवती गोलात बसवली. एकूण ३० सिलिंडर, २०.५ लिटर, वजन दोन टनांहून जास्त. ते आत मावावं म्हणून रणगाडाच लांब करावा लागला. असे ७,४९९ रणगाडे बनले. एवढ्या गुंतागुंतीची देखभाल नको म्हणून अमेरिकन सैन्याने ते स्वतःकडे फारसे ठेवले नाहीत, बहुतेक ब्रिटिशांना दिले, आणि त्यांतले काही भारतीय रेजिमेंटांपर्यंत आले. कागदावर हे इंजिन विक्षिप्त वाटतं. माझ्या मते ते युद्धकाळातल्या सर्वांत हुशार जुगाडांपैकी एक आहे, पण त्या हुशारीची किंमत मिस्त्रीच्या मनगटांनी मोजली.

किटमध्ये इंजिन नव्हतं. बहुतेक किटांत नसतं, आणि त्याला एक इतिहास आहे. १:३५ हे प्रमाणच मुळात पोकळीतून आलं. १९६० च्या दशकाच्या आरंभी तामिया या जपानी मॉडेल कंपनीने पँथर या जर्मन रणगाड्याचं मॉडेल बनवलं तेव्हा खेळण्याची मोटर आणि बॅटऱ्या आत बसतील एवढं ते ठेवलं. नंतर हिशोब केला तर ते मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं निघालं. तेच माप पुढे जगभर रूढ झालं. आता मोटर नसते, पण पोकळी तशीच राहिली आहे. डेकची झाकणं उघडी ठेवायची म्हटलं की ती पोकळी आपल्यालाच भरावी लागते.

मी सहा सिलिंडरचा एकच ब्लॉक प्लॅस्टिक शीट आणि दांड्यांतून घडवला, त्याचा सिलिकॉनचा साचा घेतला आणि रेझिनमध्ये पाच प्रती ओतल्या. खऱ्या कारखान्यानेही एकच इंजिन पाच वेळा वापरलं होतं, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटली. प्लगच्या वायरी तीस. खरी वायर साधारण ७ मिलिमीटर जाड धरली तर मॉडेलवर ती ०.२ मिलिमीटर येते. तेवढी तांब्याची तार मिळते, पण तांबं ताठ राहतं, म्हणून मी शिशाची तार घेतली. ती चिमट्याने सोडली की आपल्याच वजनाने लोंबते आणि रबरी वायरीसारखी पडते. सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा, वायर टेकवायची, श्वास रोखून ठेवायचा. एक वायर चुकीच्या खाचेत गेली तर तिच्यापुढच्या सगळ्या चुकतात.

रंगापर्यंत पोचण्याआधी काकांना एकदा दाखवायचं ठरलं होतं. मी कच्चं मॉडेल सहसा कोणाला दाखवत नाही. राखाडी प्लॅस्टिक, पांढरी शीट, पितळी पत्रा आणि पिवळं रेझिन एकत्र पाहून गिऱ्हाइकाचं मन खट्टू होतं. काकांचं झालं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, इंजिन उचलून डोळ्यांजवळ धरलं आणि वायरींवरून नजर फिरवली. त्यांनीही आयुष्यभर गॅरेज चालवलेलं, हे मला तेव्हा कळलं.

"माणूस कसा ठेवणार?" त्यांनी विचारलं.

मी आकृती तयार केली होती. पालथा मिस्त्री, हात आत, चेहरा हाताच्या दिशेने खाली, कारण काम करणारा माणूस कामाकडे बघतो असं मी धरलं होतं. फोटोत चेहरा वळलेला दिसतो तो फोटोग्राफरने हाक मारल्यामुळे किंवा उन्हामुळे असेल, असं आम्ही दोघंही पहिल्या भेटीत बोललो होतो.

काका बराच वेळ फोटो आणि आकृती आळीपाळीने पाहत राहिले. मग माझ्या टेबलाच्या कडेवर चक्क ओणवे झाले, उजवा हात टेबलाखाली घातला आणि मान डावीकडे वळवून खिडकीकडे बघू लागले.

"इंजिन बाहेर काढल्यावर मिस्त्री आत हात घालून काय करतो सांगा."

मी गप्प.

"पडलेला नट शोधतो. आणि बोटांनी शोधताना डोळे मध्ये आणायचे नसतात, नाहीतर बोटं आंधळी होतात. म्हणून मान वळवायची. मी हजार वेळा असाच वाकलोय. बाबांनीच शिकवलंय." सरळ होता होता त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "त्यांना कोणी हाक मारलेली नाही हो. ते काम करतायत."

इतकी वर्षं त्या घरात, वडिलांचा चेहरा दिसत नाही म्हणून हा फोटो जरा कमी प्रतीचा मानला गेला होता. चेहरा का दिसत नाही याचं उत्तर फोटोतच होतं, पण ते वाचायला तोच हात आत घालून पाहिलेला माणूस लागला. मी रणगाडे कड्या मोजून, रिव्हेट बघून ओळखतो. फोटोतलं माणसाचं काम असं कोणी वाचून दाखवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली. वडिलांचे पाने. ब्रिटिश गाड्यांचे नट व्हिटवर्थ मापाचे आणि अमेरिकन गाड्यांचे वेगळे, त्यामुळे मिस्त्रीला दोन्ही संच बाळगावे लागत. त्यांतला पाऊण इंची अमेरिकन पाना त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "या पान्याचा नट तुमच्या रणगाड्यावर केवढा होईल?"

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. भागिले ३५, म्हणजे ०.५४. आकडा ऐकून ते हसले आणि म्हणाले, "मग एक करा."

षटकोनी पंचने पाव मिलिमीटर जाडीच्या शीटमधून नट कापले आणि त्यांना ०.३५ च्या ड्रिलने भोक पाडलं. बरेच फुटले. एक नीट निघाला. तेवढ्या वेळात काका शेजारी बसून राहिले, एका शब्दाने घाई केली नाही.

आकृतीचं डोकं मी त्यांच्यासमोरच कापलं, मान वळवून बसवली आणि मानेचा स्नायू पुट्टीने ताणून दिला. मूठ बदलून पंजा पसरट केला. नट कुठे ठेवायचा यावर थोडा वाद झाला. बोटांपासून जरा लांब ठेवला तर शोधणं कळेल, असं माझं म्हणणं. काकांनी ऐकलं नाही. "बोटांखालीच ठेवा. सापडलाच असणार. नाहीतर गाडी रंगूनला कशी गेली असती?" एप्रिलमध्ये ही ब्रिगेड पावसाळ्याच्या आत रंगून गाठायला दक्षिणेकडे निघाली, सुमारे ५०० किलोमीटरची धाव, हे त्यांना पाठ होतं. हा नेमका रणगाडा त्या धावेत होता की नाही, हे फोटोवरून सांगता येत नाही. पण नट मी बोटांखालीच चिकटवला, कारण या बाबतीत शब्द त्यांचाच चालणार होता.

रंगकाम त्यामानाने सरळ गेलं. पुतण्याला चिखल आणि गंज हवा होता. दोन्हीला मी नाही म्हटलं. मध्य ब्रह्मदेशाचा हा भाग कोरडा, मार्चमध्ये तिथे धूळ असते. आणि रोज हात लागणाऱ्या रणगाड्यावर गंजाचे थर चढत नाहीत. ऑलिव्ह रंगावर फिकट धुळीची पूड बसवली. डेकवर मिस्त्री जिथे गुडघे टेकत असतील तिथली पूड तैलरंगाच्या पातळ थराने काळपट केली, कारण तेल सांडलेल्या जागी धूळ मळ होऊन बसते. झाकणांच्या कडा स्पंजने टिपून रंग उडवला. पट्ट्यांवर मात्र मी फार वेळ घालवला नाही. या मॉडेलमध्ये नजर तिकडे जाणारच नव्हती.

न्यायला आले तेव्हा काकांनी आधी भिंग मागितलं, नट आहे की नाही ते पाहिलं आणि मगच बाकीचा रणगाडा पाहिला. आता त्यांना ती क्रेनही हवी आहे, जिची साखळी फोटोत इंजिनाला अडकलेली आहे. फोटोत साखळीच्या सहा कड्या आणि चौकटीच्या कोपऱ्यात एका चाकाची सावली एवढंच दिसतं. तेवढ्यावरून गाडी ओळखायचं काम सध्या चालू आहे, आणि सावलीत चाकाच्या नटांची वर्तुळाकार रांग मोजता येते का, ते काका त्यांच्या घरी भिंगाखाली पाहतायत.