चार मिलिमीटर

आईच्या गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या सुरू कराव्यात का, यावर घरात रोज चर्चा चालायची. मावशीला गुण आला होता. औषधाच्या दुकानातून आणलेल्या पत्रकात तर '७९ टक्के रुग्णांना आराम' असं ठळक छापलं होतं. गोळ्या महिनोन्महिने घ्यायच्या आणि पैसे आईच्या पेन्शनमधून जायचे, म्हणून त्या ७९ टक्क्यांचं मूळ शोधायचं मी मनावर घेतलं.

ते निघालं अमेरिकेतल्या 'गेट' चाचणीत, २००६ सालच्या. चाचणी चांगली होती: १,५८३ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडलेले, आणि कोणाला खरी गोळी मिळाली नि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरांना. सारांशावर न थांबता मी निकालांचे तक्ते उघडले. दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांपैकी ६६.६ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं होतं, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ६०.१ टक्के! एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मावशीचा गुण खोटा नव्हता, पण तो गोळीचाच होता असं त्यावरून म्हणता येत नाही.

मग ७९ टक्के कुठले? ज्यांचं दुखणं मुळात जास्त होतं, अशा ३५४ जणांच्या पोटगटात दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांचे. पोटगट पाडत गेलं की एखाद्यात आकडा चमकतोच, तो पुन्हा तपासावा लागतो. स्पेनमध्ये तो तपासला गेला. तशाच जास्त दुखणाऱ्या १६४ रुग्णांपैकी काहींना हेच मिश्रण आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली, तर औषध नसलेल्या गोळीचाच गट पुढे गेला आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. पत्रकात त्याचा उल्लेखही नाही, याचा मला मनापासून राग आला.

२०१० साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दहा चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला होता. दहा सेंटिमीटरच्या वेदनेच्या पट्टीवर (एका टोकाला वेदना नाही, दुसऱ्या टोकाला असह्य वेदना) ग्लुकोसामाइनने पडलेला फरक ०.४ सेंटिमीटर. रुग्णाला जाणवायला निदान ०.९ हवा, असं त्या संशोधकांनी धरलं होतं. शिवाय कंपन्यांशी संबंध नसलेल्या चाचण्यांत परिणाम आणखी कमी दिसला.

मी वहीत दहा सेंटिमीटरची रेघ ओढली आणि चार मिलिमीटरवर खूण करून आईला दाखवली. शेजारी दुसरी खूण केली, व्यायामाची. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात व्यायामाने शंभरपैकी साधारण १२ गुणांनी वेदना कमी झाली होती, म्हणजे या रेघेवर बारा मिलिमीटर. अर्थात आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्याला कळतंच, त्यामुळे त्यातला काही भाग मनाचाही असणार. तेही आईला सांगितलं.

"मग डॉक्टरांना व्यायामाचंच विचारू," आई म्हणाली. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली. आता सकाळी ती खुर्चीत बसून पाय सरळ ताणते, आणि मोजताना मध्ये कुणी बोललेलं तिला चालत नाही.