आप्पांचं अकाउंट आप्पांनाच उघडत नाही

"हे अकाउंट तुमचंच आहे याची आम्हाला खात्री करता आली नाही." गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता नुसती स्क्रीन पांढरी झाली तरी मला कळतं काय येणारे ते. आणि दर वेळी राग येतोच, सवय होत नाही. कारण ज्या माणसाचं अकाउंट आहे तो माझ्या शेजारी खाटेवर बसलेला असतो, हातात आधार कार्ड, पॅन कार्ड, पेन्शनचं पुस्तक, सगळं घेऊन, आणि त्याला विचारणारं समोर कुणी नसतं.

झालं असं की आप्पा, म्हणजे माझे वडील, विहिरीवर मोटर चालू करायला वाकले आणि खिशातला फोन गेला पाण्यात. जुना फोन होता, त्यात ईमेल वर्षानुवर्षं उघडंच असायचं, पासवर्ड टाकायची वेळच कधी आली नाही. नवीन फोन घेतला, सिम तेच, व्हॉट्सॅप चालू झालं, बँकेचं झालं, आणि ईमेलला आल्यावर पासवर्ड मागितला. आप्पांना आठवेना. आठवणार कसा, तो त्यांनी ठेवलेलाच नव्हता!

हे ज्यांना खेड्यातलं माहीत आहे त्यांना लगेच कळेल. 2012 साली माझ्या धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, त्यात पालकांचा ईमेल मागत होते, म्हणून अमळनेरला एसटी स्टँडजवळच्या एका नेट कॅफेत त्या कॅफेवाल्या भाऊने आप्पांचं अकाउंट काढून दिलं. बाहेर पोरांची लाइन लागलेली, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्याने फटाफट टाइप केलं, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि पुढच्याला बोलावलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या माणसाने आमच्या भागातल्या कितीतरी पोरांचे फॉर्म वेळेत भरून दिले. पण त्या दिवशी अकाउंटमध्ये रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरला तर अकाउंट परत मिळवायला, मोबाइल नंबर गेला त्याचा स्वतःचा, कारण आप्पांच्या फोनला त्या दुकानात रेंज नव्हती आणि कोड लगेच हवा होता. जन्मतारीखही त्यानेच काहीतरी टाकली.

आता त्या जन्मतारखेचंच बघा. रिकव्हरीत विचारतात. आप्पांचा खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा, आजी तसंच सांगायची. शाळेच्या दाखल्यावर 1 जून, कारण त्यांच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला 1 जून लावून टाकला होता, आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनलाच असतो. आणि कॅफेवाल्याने टाकलेली तारीख तिसरीच. आम्ही खरी टाकली, दाखल्यावरची टाकली, 1 जानेवारी टाकून बघितली. नाही. मग प्रश्न आला आईचं माहेरचं आडनाव. ते आप्पांना माहीत आहे हो, पण इंग्रजीत कसं लिहिलेलं? चौधरी लिहायला आमच्याच घरात तीन कागदांवर तीन स्पेलिंगं आहेत, कुठे ए-यू, कुठे ओ-यू, शेवटी कुठे आय, कुठे वाय. आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मशीन म्हणतं चूक.

आप्पा एसटीत कंडक्टर होते, अख्खी नोकरी तिकिटाच्या पैशांचा हिशोब चोख दिला. ते एकदम म्हणाले, "मी काय चोर शे का? मन्हंच खातं, आन मालेच इचारी राह्यना तू कोन शे?" मला त्यावर बोलता आलं नाही काही.

मग त्यांनी विचारलं, जे मला वाटतं प्रत्येक घरात विचारतात, की त्या कंपनीकडे आपला जुना पासवर्ड असेलच ना, मग तोच सांगा म्हणावं. तर नीट चालवलेल्या कंपनीकडे तो नसतो. आपण पासवर्ड टाकला की त्याची गणिताने एक लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ बनते आणि ती ओळ ते साठवतात, पुढच्या वेळी आपण टाकलं की परत तीच ओळ बनते का बघतात, बस. त्या ओळीवरून उलटं जाऊन पासवर्ड काढता येत नाही, जात्यातून पीठ पडल्यावर त्याचे परत गहू होत नाहीत तसं. म्हणून जगात कुठलीही चांगली कंपनी जुना पासवर्ड सांगत नाही, नवीन ठेवायला देते. आणि नवीन ठेवायला द्यायचं तर आधी माणूस तोच आहे हे पटायला पाहिजे. सगळं घोडं तिथे अडतं.

आणि कडक असायला त्यांना कारण आहे हे मला मान्य आहे. 2008 मध्ये अमेरिकेत उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं अकाउंट एका कॉलेजच्या पोराने उघडलं होतं, हॅकिंग वगैरे काही न करता, नुसते सुरक्षा प्रश्न. जन्मतारीख, पिनकोड, नवऱ्याची भेट कुठे झाली, हे सगळं पेपरात नेटवर पडलेलंच होतं. पुढे 2015 मध्ये गुगलच्याच लोकांनी अभ्यास करून सांगितलं की असले प्रश्न भरवशाचे नाहीत, सोप्या प्रश्नाचं उत्तर परक्याला सुचतं आणि अवघड प्रश्नाचं उत्तर मालकच विसरतो. म्हणून मग सगळा भार मोबाइल नंबरवर आला. तो शहरातल्या, स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतः अकाउंट काढणाऱ्या माणसासाठी ठीक असेल. आमच्याकडे नंबर कुणाचा होता ते वर सांगितलंच.

स्क्रीनवर नंबरचे फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते, त्यावरून आप्पांनी ओळखलं की हा कॅफेवाल्याचा. त्याला शोधलं. कॅफे कधीच बंद झालाय, त्या गाळ्यात आता मोबाइल रिपेअरिंग आहे. तो सुरतला, आमच्याकडची निम्मी तरणी माणसं जातात तसा. त्याच्या चुलतभावाकडून नंबर मिळाला, बोलला अगदी आपुलकीने, आप्पा आप्पा करत, पण म्हणाला तो नंबर मी कधीचाच सोडला, सुरतला आल्यावर इकडचं सिम घेतलं.

आणि सोडलेला नंबर पडून राहत नाही. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, एवढाच नियम आहे, टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने 2023 मध्ये सुप्रीम कोर्टातही हेच सांगितलं. 90 दिवस! अकाउंट माणूस आयुष्यभर वापरतो आणि त्याची किल्ली तीन महिन्यांनी परक्याच्या हातात जाऊ शकते, याच्यावर कुणी विचार केला की नाही मला खरंच माहीत नाही. आम्ही त्या नंबरवर फोन केला, दुसऱ्याच कुणी माणसाने उचलला. आप्पांनी सगळं नीट सांगितलं, माझं खातं आहे, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील तेवढे सांगा. त्याने फोन ठेवून दिला. आणि बरोबरच केलं त्याने! बँकेपासून पोलिसांपर्यंत सगळे रोज घसा फोडून सांगतात की ओटीपी कुणालाही सांगू नका, मग तो कशाला सांगेल? आप्पांना मात्र ते लागलं. पहिल्यांदाच त्यांचा फोन असा कुणीतरी फसवणारा समजून कापला असेल. "जाऊ दे माय," म्हणाले, "नको करू आते."

पण मला जाऊ द्यायचं नाहीये, आणि ते का ते सांगते.

त्या अकाउंटमध्ये आमच्या आजीचा आवाज आहे. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन. आजीला कानबाईची गाणी इतकी पाठ होती की गल्लीतल्या बाया तिच्याशिवाय सुरू करायच्या नाहीत, अहिराणीतली, कुठे छापलेली नाहीत, तिच्या सासूकडून तिला आलेली. माझ्या पुण्याच्या आतेभावाने एका वर्षी ती सगळी रेकॉर्ड केली आणि थोडी थोडी करून आप्पांना ईमेलवर पाठवली. 2015 ला आजी गेली. त्यानंतर दर श्रावणात आप्पा त्या फोनवर ती लावायचे, आई कानबाईच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं, दळण निवडायची आणि आजी गायची. डाउनलोड करून कुठे ठेवावी असं तेव्हा कुणाला सुचलं नाही, कारण ईमेलमध्ये आहे म्हणजे आहेच, असंच वाटतं ना सगळ्यांना. कंपन्यांनीच तर तसं सांगितलेलं, काही डिलीट करायची गरज नाही, सगळं राहील. राहिलंय की. फक्त आम्हाला मिळत नाही.

मदत मागायला माणूस नाही. फुकटच्या ईमेलला फोनवर बोलणारं कुणी नसतंच, एक पान उघडतं, त्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि फिरून पहिल्यावर. इथे एक फार महत्त्वाचं सांगते. माझ्या नणंदेच्या मिस्टरांनी नेटवर "कस्टमर केअर" म्हणून शोधलं, नंबर मिळाला, समोरचा हिंदीत सर सर करत गोड बोलला आणि दोन मिनिटांत म्हणाला एक ॲप टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल. मी फोन हातातून घेऊन कट केला. तो त्या कंपनीचा नंबर नव्हताच. असे नंबर नेटवर पेरून ठेवलेले असतात, अडलेला माणूस शोधणार हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि आपली स्क्रीन एकदा त्यांना दिसली की बँकेचा ओटीपीही दिसतो. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं. खरी मदत अडली की खोटी मदत कशी लगेच हजर होते बघा.

एवढं मात्र कळलं की रिकव्हरीला मशीन नुसतं उत्तर बघत नाही, कुठून मागताय तेही बघतं. नेहमीचा फोन, नेहमीची जागा, नेहमीचं नेट असेल तर भरवसा जास्त. म्हणून मी धुळ्याहून करायचं बंद केलं आणि गावी जाऊन आप्पांच्या घरून, त्यांच्याच सिमच्या नेटवरून करून बघितलं. आणि सारखं सारखं करू नये, चुकीची उत्तरं फार झाली की काही काळ दारच बंद होतं, मध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात. फोन तर पाण्यात गेला होता, तोही रिपेअरिंगवाल्याला दिला, तो चालू झाला असता तर लॉगिन तसंच मिळालं असतं. बोर्डच गेलाय म्हणाला.

मला जे म्हणायचंय ते हे. आप्पांना एसटीची पेन्शन मिळते. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि 2014 मध्ये जीवन प्रमाण आल्यापासून आप्पा जवळच्या केंद्रात जातात, आधार नंबर, अंगठा, की झालं काम. माणूस जिवंत आहे आणि तोच आहे हे आपल्या गावातल्या एका टेबलावर सिद्ध होतं. त्यावर पैसे मिळतात, रेशन मिळतं. मग ज्या कंपन्या आपल्या देशात कोट्यवधी लोकांना अकाउंट देतात त्यांनी पोस्टात नाहीतर अशा केंद्रात एक सोय का करू नये, की महिनाभर लागू दे, फी घ्या, कागद मागा, पण एका जिवंत माणसाने आप्पांकडे बघावं आणि ठरवावं? स्वतःचं नाव आणि फोटो असलेलं पत्र त्या अकाउंटमध्ये दहा ठिकाणी आहे असं आप्पा सांगतात, ते बघणारं कुणी पाहिजे की नको? ज्या अमळनेरात 1945 साली तेलाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली त्या गावातल्या माणसाला कॉम्प्युटरच्या दुनियेत एक खिडकी मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

तोवर आपलं आपण करायचं ते मी करतेय. गावी गेले की ज्या घरी जाते तिथे फोन मागते, सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर कुणाचा आहे ते आधी बघते. विश्वास ठेवा, भलत्याचेच निघतात, कॅफेवाल्याचे, सेतूवाल्याचे, सुनेच्या माहेरच्या भावाचे, बंद झालेल्या कंपनीच्या सिमचे. ते बदलते, दुसरा नंबर घरातल्याच कुणाचा तरी टाकते, जन्मतारीख कोणती टाकली आहे ते वहीत लिहून देते. बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसला तरी लॉगिनला चालणारे आकडे, मिळतात ते कागदावर उतरवून सातबारा आणि खरेदीखताच्या पिशवीत ठेवायला सांगते, ती पिशवी कुणाच्याच घरात हरवत नाही. लॉगिन चालू असतानाच हे होतं, एकदा बाहेर पडलं की नाही, म्हणून सांगते, आजच करा, आई-वडिलांचा फोन हातात घ्या आणि करा.

आणि आजीची गाणी. मला एक दिवस एकदम सुचलं की पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये, पाठवलेल्या ईमेलच्या यादीत, असतीलच की! आतेभावाला फोन केला. त्याने काही स्वतःच्या ईमेलवरून पाठवलेली, ती सगळी मिळाली, त्याच रात्री त्याने परत पाठवली आणि मी ती पेन ड्राइव्हवर, माझ्या फोनवर, भावाच्या लॅपटॉपवर, सगळीकडे ठेवलीत. पण काही त्याने तेव्हाच्या ऑफिसच्या ईमेलवरून पाठवली होती, ती नोकरी सुटली तसं ते अकाउंटही गेलं. जागरणाच्या रात्रीचं जे सगळ्यात मोठं रेकॉर्डिंग आहे, ज्यात आजी मधेच थांबून माझ्या आईला पुढची ओळ शिकवते, ते त्यातच होतं. ते आता फक्त आप्पांच्या इनबॉक्समध्ये आहे. येत्या आठवड्यात मी परत गावी जातेय, या वेळी त्या चौधरीचं स्पेलिंग आजीच्या माहेरच्या जुन्या लग्नपत्रिकेवर कसं आहे ते बघून टाकणार आहे.