राइट किती बाइट लिहिले ते सांगतं, ते वाचा

लिनक्सवर सी भाषेत फाइल लिहिणाऱ्या कोडमध्ये एक चूक सतत दिसते. फाइलमध्ये बाइट लिहिणाऱ्या राइट या कॉलचं उत्तर -१ (म्हणजे एरर) आहे का, एवढंच बघायचं आणि पुढे जायचं. पण राइटनं परत दिलेला आकडा म्हणजे प्रत्यक्षात गेलेले बाइट. ६५,५३६ दिले आणि ४०,९६० परत आले, तर ती एरर नव्हे; उरलेले २४,५७६ आपल्यालाच पुन्हा द्यावे लागतात. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर, म्हणजे जागा नसली तर वाट न बघणाऱ्या नेटवर्क जोडणीवर, हे रोजचंच. डिस्क भरत आली की साध्या फाइलवरही होतं, आणि तिथे फसगत जास्त होते: आधी अपुरा आकडा येतो, कारण मात्र पुढच्या कॉललाच कळतं, -१ आणि एर्नोमध्ये (एररचा कोड ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ई-नो-स्पेस, म्हणजे जागा संपली. तो पुढचा कॉल केलाच नाही तर फाइल अर्धवट राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून राइट नेहमी लूपमध्ये हवं. जेवढे बाइट गेले तेवढा पॉइंटर (पुढचा बाइट कुठून घ्यायचा तो पत्ता) पुढे, तेवढीच शिल्लक कमी. -१ आलं आणि एर्नो ई-इंटर असेल, म्हणजे मध्येच सिग्नल आला, तर तोच कॉल पुन्हा करायचा. बाकी एरर वर कळवायच्या.

राइटचं उत्तर साइज-टी प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, एस-साइज-टी प्रकारच हवा. साइज-टीला चिन्ह नसतं, म्हणजे त्यात ऋण आकडा मावत नाही, त्यामुळे ६४ बिटच्या मशीनवर -१ चे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होतात आणि ‘शून्यापेक्षा कमी’ ही अट कधीच खरी ठरत नाही. एर्नोही लगेच स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या; मध्ये एखादा प्रिंटएफ आला तरी तो बदलू शकतो.

फाइल बंद करणाऱ्या क्लोजची गोष्ट उलटी, तो पुन्हा करायचा नाही. लिनक्सवर क्लोजनं ई-इंटर दिलं तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला मिळालेला नंबर) सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केलं आणि तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडला (त्याच प्रोग्रॅमच्या सोबत चालणाऱ्या भागाला) तोच नंबर मिळाला असेल, तर त्याची फाइल बंद होते.

एफसिंक, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर पोचवायला लावणारा कॉल, फसलं तर तेही पुन्हा करून भागत नाही. लिनक्स न लिहिलेली पानं (मेमरीतले डेटाचे तुकडे) ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर गेलेली, धरू शकतो. मग दुसरा एफसिंक यशस्वी म्हणतो आणि डेटा गेलेला असतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांच्या हे लक्षात आलं. आता तिथे एफसिंक फसलं की सर्व्हर मुद्दाम पडतो आणि लॉगमधून (बदलांच्या नोंदींमधून) सावरतो. माझ्या मते तेच बरोबर आहे.

अपुऱ्या राइटचा हा लूप तपासायला /डेव्ह/फुल ही नेहमी भरलेली असल्याचं सांगणारी खास फाइल पुरत नाही, कारण ते पहिल्याच राइटला ई-नो-स्पेस देतं. त्यापेक्षा १ एमबीचा टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी छोटी डिस्क) माउंट करा आणि एक लाख बाइटचे तुकडे लिहा. दहा पूर्ण जातील, अकराव्याला ४८,५७६ परत येतील, बाराव्याला -१. लूप बरोबर असेल तर फाइल नेमकी १०,४८,५७६ बाइटची भरेल आणि प्रोग्रॅम एरर सांगून थांबेल.