तुम्ही विचारलंत म्हणून: गेमला पोरांचं मन कळतं का?

मी जळगावात राहून मुलांसाठी मोबाइल गेम बनवते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, चोपड्याच्या एसटीत, ओळखीच्या शिक्षकांकडून एक प्रश्न हमखास येतो. खेळणाऱ्याच्या भावना ओळखून बदलणारे गेम आलेत म्हणे, ते खरंच ओळखतात का, आणि पोरांसाठी ते चांगलं की वाईट? माझी मावशी थेट विचारते, "गेमले पोरनं मन समजस का?"

मन समजत नाही. अंदाज बांधता येतो, आणि तोही अर्धाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलेली मुलगी किंचाळली, की झोका देणारीला तत्क्षणी कळतं, ही मजा आहे की भीती. यंत्र नेमकं इथेच अडतं. छातीचे ठोके वाढले, तळहाताला घाम आला, एवढं सेन्सर सांगतो. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली: शरीर किती उत्तेजित आहे हा एक, आणि अनुभव सुखाचा की दुःखाचा हा दुसरा. ठोके आणि घाम पहिल्याबद्दल बरंच बोलतात, दुसऱ्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. ती उणीव कॅमेऱ्याने चेहरा वाचून भरून काढू, असं काही कंपन्या म्हणतात. पण २०१९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासून दाखवलं, की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. कपाळाला आठ्या घालणारं पोरगं चिडलेलं असेल, किंवा कोडं सोडवण्यात गढलेलंही असेल.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घामावरून ताण मोजणारं उपकरण तिथल्या पत्र्याच्या घरात दुपारी बोटाला लावलं, तर आकडा ताणाचा की उकाड्याचा हे कोण सांगणार? अशी उपकरणं बहुधा थंड, बंद खोलीत तपासली जातात. आपल्याकडच्या मुलांसाठी काही करायचं, तर हे आधीच लक्षात घ्यावं लागतं.

मग गेम बदलतात कशाच्या आधारावर? बहुतेक वेळा निव्वळ खेळण्यावरून. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'लेफ्ट फोर डेड' या २००८ च्या गेममध्ये 'डिरेक्टर' नावाची एक व्यवस्था आहे. खेळाडूला किती मार बसतोय, शत्रू किती जवळ आलेत, यावरून ती त्याच्यावरच्या ताणाचा अंदाज करते. ताण शिगेला पोचला की शत्रूंच्या झुंडी थोडा वेळ थांबवते, दम खाऊ देते, आणि मग पुन्हा सोडते. सेन्सर एकही नाही. याच्या उलट रचना मला फार आवडते ती 'नेव्हरमाइंड'ची. २०१५ मध्ये आलेल्या या भीतीच्या गेमला ठोके मोजणारा सेन्सर जोडता येतो. तुम्ही घाबरलात की गेम आणखी अवघड होतो, स्वतःला शांत केलंत की सोपा. खेळता खेळता श्वास सावकाश करायची सवय लागावी, असा त्यामागचा विचार आहे. आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२० मध्ये 'एंडेव्हर आरएक्स' या गेमला ८ ते १२ वर्षांच्या, लक्ष विचलित होण्याचा एडीएचडी हा त्रास असलेल्या मुलांसाठी मान्यता दिली. मुलाच्या कामगिरीप्रमाणे त्याची काठिण्यपातळी सतत बदलत राहते.

मी स्वतः फार साध्या खुणा बघते. हरल्यावर मूल किती घाईने पुन्हा सुरू करतं. बोट नेमक्या जागी पडतंय की नुसतं भराभर आपटतंय. मध्येच किती वेळ थांबतं. ही शेवटची खूण सगळ्यात फसवी. थांबलेलं मूल विचार करत असेल, किंवा आईने नळाला पाणी आलं म्हणून हाक मारली असेल.

शिवाय आपल्याकडे फोन घराचा असतो. दिवसभर तो वडिलांबरोबर शेतात, संध्याकाळी थोरल्याच्या हातात, जेवणानंतर धाकटीकडे. गेमला वाटतं खेळाडू एकच. थोरल्याच्या हातावरून तो अवघड होऊन बसतो, मग धाकटी पुन्हा पुन्हा हरते आणि आपल्याला काही येतच नाही असं तिला वाटायला लागतं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण गेम त्या क्षणी स्वतःला हुशार समजत असतो. म्हणून माझा गेम खेळणाऱ्याबद्दलचा कालचा अंदाज लक्षात ठेवत नाही. दर वेळी सुरुवातीच्या दोन-तीन सोप्या कोड्यांवरून नव्याने ओळख करून घेतो, आणि बंद केला की विसरतो. फोनबाहेर यातलं काही जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करणारं कलम आहे, आणि ती मनाई योग्यच आहे असं माझं मत आहे.

आता चांगलं की वाईट. एकच अंदाज दोन उलट कामांना वापरता येतो. मूल कंटाळलंय, आता फोन ठेवणार, हे ओळखलं की एक गेम अचानक सोपा होतो, नाणी उधळतो, आणखी एका डावाला ओढतो. दुसरा गेम त्याच क्षणी डाव नीट संपवतो आणि जाऊ देतो. पहिल्या प्रकारच्या गेमचं यश खेळाडू किती वेळ धरून ठेवला यावर मोजतात, आणि पैसाही त्यावरच येतो. म्हणून तो जास्त बनतो. दमलेल्या मुलाला ओळखून त्याला जागेवरून उठू न देणं हे मला सरळ चुकीचं वाटतं, मग ते कितीही सफाईने केलेलं असो.

तुमच्या घरातला गेम कुठल्या जातीचा आहे हे बघायचं असेल, तर पोर लागोपाठ तिसऱ्यांदा हरते तेव्हा शेजारी बसा. कोडं थोडं सोपं होतं, की जाहिरात बघून आणखी एक 'जीव', म्हणजे खेळायची आणखी एक संधी, मिळवायला सांगतात? मग गेम मध्येच बंद करायला सांगा. दुसऱ्या दिवशी ती जिथे होती तिथूनच सुरू होतं का, की एक दिवस चुकला म्हणून साठवलेलं काही हिरावून घेतात? रोज हजेरी लावली तरच बक्षीस, अशी साखळी बहुतेक गेममध्ये असते. माझ्या गेममध्ये ती नाही. आठवडाभर फोन हातात आला नाही तरी मुलीचं काही कमी होत नाही.