आक्काच्या हार्टातली गाठ आणि ऑपरेशनच्या आधीच्या गोळ्या

हार्टात गाठ म्हटलं की लोक लगेच कॅन्सरच धरून बसतात, पण आमच्या आक्काला निघाली ती पॅरागँग्लिओमा, म्हणजे नॉरअॅड्रेनालिन हे बीपी वाढवणारं हार्मोन बनवून रक्तात सोडणारी गाठ. अशा गाठी जास्त करून किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीत होतात, तिथं त्यांना फिओक्रोमोसायटोमा म्हणतात, हार्टात होणं फारच क्वचित.

बीपी २०० च्या वर, डोकं फुटायचं, घामानं साडी भिजायची, छाती धडधडायची आणि खानापूरहून बेळगावला पोचेपर्यंत सगळं नॉर्मल! टेन्शन घेतेय म्हणून गोळ्या देऊन पाठवायचे. आई रडायची, "काय होऊलंय की पोरीला". शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मेटानेफ्रिनची (ह्या हार्मोनपासून रक्तात तयार होणाऱ्या पदार्थाची) रक्ततपासणी करायला लावली, मग एमआरआय आणि गॅलियमवालं पेट स्कॅन, तेव्हा डाव्या एट्रियमला, म्हणजे हार्टाच्या वरच्या डाव्या कप्प्याला, चिकटलेली गाठ दिसली.

मला सांगायचंय ते पुढचं. घरात सगळ्यांना घाई, गाठ दिसली तर उद्याच कापा. पण ह्या गाठीला नुसता हात लागला तरी ती हार्मोन ओतते आणि बीपी टेबलावरच भडकतं, म्हणून आधी ७ ते १४ दिवस प्राझोसिनसारखे अल्फा ब्लॉकर देतात, आवळलेल्या शिरा सैल होतात, मग आत रक्त कमी पडू नये म्हणून पाणी आणि मीठ जास्त. बीपीवालीला मीठ का घालूलाय म्हणून शेजारच्या काकी आईला बोलल्या, पण ते बरोबरच होतं. धडधडीची बीटा ब्लॉकर गोळी अल्फानंतरच, आधी दिली तर शिरा अजून आवळतात, जीवावर बेतू शकतं.

मग हार्ट-लंग मशीनवर ऑपरेशन. गाठीत रक्तवाहिन्या भरपूर, हार्टालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरीला चिकटली असेल तर बायपासही करावा लागतो. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या हार्ट सर्जन डेंटन कूलींनी अशाच गाठीसाठी पूर्ण हार्ट बाहेर काढून, गाठ कापून परत बसवलं होतं, तो पेशंट वाचला नाही, पण पुढे त्याच शहरात मायकेल रीअर्डननी ही पद्धत यशस्वी केली. आक्काला एवढं लागलं नाही, देवाची कृपा. गाठ निघाल्यावर मात्र बीपी एकदम खाली आलं आणि जे नॉरअॅड्रेनालिन गाठ ओतत होती तेच आता पंपानं द्यावं लागलं.

ह्या गाठी घराण्यातून येऊ शकतात, एसडीएच नावाच्या जीन्समुळं, म्हणून भावंडांनीपण तपासून घ्यायचं असतं. मी रक्त देऊन आलोय. अण्णा, तू वाचूलास तर ह्या आठवड्यात जाऊन ये.